धडक आधी, ओळख नंतर

ढोल वाजला की खोल्या गरागरा फिरतात, अशा एका झपाटलेल्या घरात एक पोरगा आरडाओरडा करत शिरतो. डोक्यावर रानडुकराचं मुंडकं, कमरेच्या वर उघडाबंब, दोन्ही हातांत दाते पडलेल्या तलवारी. समोर माणसं खाणारा राक्षस बसलेला आहे. त्याला पाहून हा घाबरत तर नाहीच, उलट खूश होतो. झेप घेतो आणि त्या झेपेत मध्ये आलेल्या एका लहान मुलीच्या पाठीवर खुशाल पाय देतो. कथेचा नायक तांजिरो हे पाहून संतापतो, त्याचा पाय धरतो आणि त्याला भिरकावून देतो. एखाद्याला अपमान वाटला असता. या स्वारीला मजा वाटते. राक्षस राहिला बाजूला, आता त्याला तांजिरोशी लढायचं असतं.

इनोसुके हाशिबिराची आणि प्रेक्षकांची पहिली भेट ही अशी होते. ‘किमेत्सु नो यायबा’ या जपानी मालिकेतला हा नायकाचा साथीदार. जगभर ती मालिका ‘डीमन स्लेअर’ या नावाने ओळखली जाते. या पुस्तकाची पुढची सगळी पानं या एका धसमुसळ्या पोराच्या स्वभावाबद्दल आहेत. लिहायचंच तर तांजिरोवर लिहावं, असं मला सुचवण्यात आलं होतं. सल्ला वाईट नव्हता. पण तांजिरो किती प्रेमळ, किती सोशिक, किती कष्टाळू हे मालिका स्वतःच दर भागात सांगत असते. लिहिणाऱ्याला फारसं काही उरत नाही. इनोसुकेबद्दल मालिका गप्प असते. तो स्वतः इतका ओरडतो की त्याच्याविषयी दुसऱ्या कुणी काही बोलायला वावच राहत नाही. त्यामुळे बहुतेक प्रेक्षक त्याला ‘मजेशीर आहे’ म्हणून बाजूला ठेवतात आणि पुढे जातात. माझं म्हणणं असं आहे की त्या आरड्याओरड्यात एका माणसाचं माणूस होणं चाललेलं असतं आणि ते मालिकेतल्या इतर कुणाहीपेक्षा बारकाईने रंगवलेलं आहे. इनोसुकेकडे ताकद भरपूर आणि शब्द थोडे. आत काही हललं की त्याला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे अंगावर धावून जाणं.

मालिका न पाहिलेल्यांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कोयोहारू गोतोगे यांची ही मांगा, म्हणजे चित्रकथा, ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात फेब्रुवारी 2016 ते मे 2020 या काळात क्रमशः आली. 205 प्रकरणं, 23 खंड. गोतोगे हे टोपणनाव आहे आणि स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की ते चष्मा लावलेली मगर काढतात. युफोटेबल या स्टुडिओने एप्रिल 2019 मध्ये तिची ॲनिमेशन मालिका सुरू केली, दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी. पहिल्या पर्वाचे 26 भाग झाले. जपानी राशिचक्रात 2019 हे रानडुकराचं वर्ष होतं. हा योगायोगच, पण इनोसुकेने तो स्वतःचा मान म्हणून नक्की मिरवला असता. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या ‘मुगेन ट्रेन’ चित्रपटाने जपानमधला कमाईचा विक्रम मोडला. आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये ‘इन्फिनिटी कॅसल’ प्रदर्शित झाला, तेव्हा हिंदी, तमिळ, तेलुगूतही आला आणि मुंबई-पुण्यातली कॉलेजची पोरं भल्या पहाटेच्या खेळांना रांगा लावून गेली. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये डुकराचं तोंड लावून उघड्या अंगाने हिंडणारा एखादा पोरगा दिसला आणि सोबतचे आई-वडील गोंधळलेले दिसले, तर प्रकरण काय ते आता कळेल.

गोष्ट घडते ताइशो काळात, म्हणजे 1912 ते 1926 च्या दरम्यान. आगगाड्या आल्यात, शहरांत दिवे आलेत, आणि रात्री राक्षस माणसं खातात. सरकारदरबारी नोंद नसलेलं एक दल त्यांना मारत फिरतं. तलवार बाळगायला 1876 च्या हुकुमाने बंदी आहे, त्यामुळे पोलीस दिसले की या वीरांना पळावं लागतं. त्यात तीन नवखे पोरगे एकत्र येतात. तांजिरोचं कुटुंब राक्षसाने मारलंय आणि बहीण नेझुको स्वतः राक्षस झालीय, तिला त्याला परत माणूस करायचंय. झेनित्सु भित्रा आहे, कर्जापायी या मार्गाला लागला आणि गुरूने त्याला सोडलं नाही. इनोसुकेला कारणच नाही. डोंगरात त्याला दलाचा एक माणूस भेटला, याने त्याला लढायला लावून त्याची तलवार हिसकावली आणि त्याच्याकडून कळलं की अशी एक परीक्षा असते, तिथे राक्षस असतात. एवढं पुरलं. फुजिकासाने डोंगरावरच्या त्या जीवघेण्या परीक्षेतून त्या वेळी पाच जण वाचले. निकालाच्या वेळी आपल्याला चारच दिसतात, कारण पाचवा, इनोसुके, सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या आधी निघूनही गेलेला असतो.

सूड नाही, वचन नाही, देश-धर्म काही नाही. लढायचं, कारण लढण्यात मजा आहे आणि आपण सर्वांत बलवान आहोत. वीरकथेत असा माणूस सहसा खलनायकाच्या बाजूला असतो, किंवा दुसऱ्या प्रकरणात मरतो. गोतोगे यांनी त्याला नायकाच्या शेजारी बसवलं आणि कारण मिळवायची जबाबदारी त्याच्यावरच टाकली.

जपानी लोककथेत या जातीचा एक थोरला भाऊ आहे. किंतारो. आशिगारा डोंगरावर डोंगरातल्या म्हातारीने वाढवलेला, अस्वलांशी कुस्ती खेळणारा, अंगात अचाट बळ असलेला पोरगा. मोठा झाल्यावर तो साकाता नो किंतोकी या नावाने मिनामोतो नो योरिमित्सु या सरदाराच्या चार प्रमुख साथीदारांपैकी एक होतो आणि ओए डोंगरावरच्या शुतेन-दोजी राक्षसाला मारायला धन्याबरोबर जातो. रानातला पोरगा, अचाट ताकद, दुसऱ्या कुणाच्या तरी मागे राहून केलेला राक्षससंहार: सगळा सांगाडा तिथे तयार आहे. फरक इतकाच की किंतारोला डोंगरातून शहरात आणलं की लोककथेचं काम संपतं. तो भांड्यात जेवायला केव्हा शिकला, कुणी प्रेमाने विचारपूस केली तेव्हा त्याला काय वाटलं, हे लोककथेला विचारायचं नसतं. गोतोगे तेवढंच विचारतात.

चाळिशी उलटलेल्या मराठी वाचकाला रानात वाढलेला पोरगा म्हटलं की मोगली आठवणार. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारं ते ‘जंगल बुक’ मुळात जपानी ॲनिमेशनच होतं, 1989 मध्ये जपानमध्ये सुरू झालेलं, आणि मोगलीचं सिवनीचं जंगल तर नागपूरकरांच्या शेजारचं. पण मोगलीचं जंगल बोलतं. अस्वल त्याला कायदा शिकवतं, बिबळ्या त्याला समजावतो, लांडग्यांची पंचायत भरते. मोगली माणसांपेक्षा अधिक शहाणा होऊन रानाबाहेर येतो. इनोसुकेला वाढवणारी रानडुकरीण बोलत नाही. तिचं पिल्लू गेलेलं होतं, हे बाळ सापडलं, तिने दूध पाजलं. तिला जमलं तेवढं तिने केलं. ती गेल्यावर तिचंच मुंडकं तो डोक्यावर घालून हिंडतो. आपल्याकडे रानडुक्कर म्हणजे एका रात्रीत भुईमूग उपटून टाकणारी आणि पिल्लं जवळ असली तर माणसावर सरळ चाल करून येणारी जात. शेताच्या बांधावर ती मादी ज्याने पाहिली आहे त्याला इनोसुकेची चाल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हल्ला करताना तो जी घोषणा देतो, ‘चोतोत्सु मोशिन’, तिचा अर्थही डुकरासारखी सरळसोट मुसंडी असाच आहे.

भाषा त्याला मिळाली डोंगराच्या पायथ्याच्या एका म्हाताऱ्याकडून. म्हातारा त्याला खायला द्यायचा आणि बोलत राहायचा. नातवाला हे रानटी पोर अजिबात आवडायचं नाही, तो शिव्या घालायचा. शब्द त्याच्या कानावर पडले ते असे दोन तोंडांतून, आणि ओठांवर नातवाचेच जास्त बसले. लिहिता-वाचता येत नाही. नाव कसं कळलं? नेसलेल्या लंगोटावर लिहिलेलं होतं म्हणून. हे तो मोठ्या ऐटीत सांगतो. पहिल्यांदा पाहताना आपणही हसतो.

आता एक प्रसंग जरा सावकाश पाहू, कारण इनोसुकेची सगळी किल्ली त्यात आहे. ढोलांच्या घरातली लढाई संपते. बाहेर आल्यावर इनोसुकेला झेनित्सुच्या पाठीशी असलेल्या पेटीत राक्षस असल्याचं जाणवतं. आत नेझुको आहे. झेनित्सु पेटी अंगाखाली घेऊन मार खातो, तलवार उपसत नाही, हलत नाही. तांजिरो येतो, इनोसुकेच्या बरगड्या मोडेल असा ठोसा लगावतो, मग दोघांची झटापट होते आणि शेवटी तांजिरोच्या दगडासारख्या कपाळाची धडक बसून मुखवटा गळून पडतो. आत निघतो मोठ्या डोळ्यांचा, लांब पापण्यांचा, मुलीसारखा नाजूक चेहरा. तेवढ्यात स्वारी तोंडाला फेस येऊन आडवी.

शुद्धीवर येतो तर बाकीचे घरात मारल्या गेलेल्या माणसांसाठी खड्डे खणत असतात. इनोसुकेला हे कळतच नाही. मेलेलं पुरून काय होणार? चल, लढू. तांजिरो थबकतो, त्याच्याकडे कळवळ्याने पाहतो आणि म्हणतो, बरोबर आहे, जखमा दुखत असतील, तुला जमणार नाही. यात टोमणा नाही. तांजिरोला टोमणे मारता येत नाहीत. पण इनोसुकेच्या कानात फक्त ‘जमणार नाही’ एवढंच शिरतं. मग काय, शंभर पुरीन, दोनशे पुरीन, तुमच्यापेक्षा जास्त पुरीन असा गोंगाट करत तो कामाला लागतो.

प्रेक्षक इथे हसतात आणि हसावंच. पण घडतं काय ते पाहा. मेलेल्याला माती द्यावी, हा माणसांमधला फार जुना रिवाज. त्यात हा पोरगा पहिल्यांदा सामील होतो आणि सामील झाल्याचं त्याला कळतही नाही. त्याच्यासाठी ती पैज होती. पुढे मालिकेत माणसांचा एकेक रिवाज त्याच्या अंगवळणी पडतो तो बहुतेक याच वाटेने. पुढे जखमी होऊन तो पोचतो त्या फुलपाखरांच्या वाड्यातल्या शिनोबुला हे पहिल्या नजरेत कळतं. श्वासाचा अवघड सराव याने सोडून दिलाय म्हटल्यावर ती गोड हसत म्हणते, नाही जमत तर राहू दे, काय करणार. दुसऱ्या क्षणाला स्वारी सरावात. हीच खोच तांजिरोने निरागसपणे मारली होती, शिनोबु जाणूनबुजून मारते. परिणामात काडीचा फरक नाही.

ढोलांच्या घरानंतर लगेच येतं विस्टेरियाच्या फुलांचं चिन्ह असलेलं घर. राक्षस मारणाऱ्यांना फुकट आसरा देणारी अशी घरं असतात. तिथली हिसा नावाची म्हातारी तिघांना खाऊ-पिऊ घालते, डॉक्टर बोलावते, अंथरूण घालते. इनोसुके हाताने बकाबका खातो, तळलेल्या तेंपुराच्या प्रेमात पडतो, दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो. वाद घालायला पाहतो तर तांजिरो स्वतःच्या ताटातलंही पुढे करतो. इनोसुकेच्या अंगाभोवती तेव्हा पडद्यावर गोल गोल, मऊ, तरंगणारे ठिपके दिसू लागतात. या अवस्थेला त्याच्याकडे एकच शब्द आहे, ‘होवा होवा’, म्हणजे आत काहीतरी उबदार, भुसभुशीत वाटणं. आणि त्याला ते अजिबात आवडत नाही! लढाईतला वार कुठून येतोय ते त्याला कातडीवर कळतं. हा कुठून आला ते कळत नाही, म्हणून तो तांजिरोवर खेकसतो की मला असं वाटायला लावू नकोस.

निघताना म्हातारी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीमागे चकमक झाडते, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. इनोसुकेला वाटतं हल्ला झाला. तो तिच्यावर धावून जातो आणि तांजिरो त्याला कसाबसा आवरतो. मग ती म्हणते, काहीही झालं तरी मानाने जगा. वाटेत इनोसुके विचारायला लागतो. मानाने म्हणजे कसं? तांजिरो सांगतो, आपली जागा ओळखून लाज वाटणार नाही असं वागणं. जागा म्हणजे कसली? लाज वाटणार नाही असं म्हणजे नक्की काय करायचं? आणि ती म्हातारी आमची कोण लागते, तर आम्ही सुखरूप राहावं म्हणून प्रार्थना करते? शेवटच्या प्रश्नाला तांजिरोकडेही उत्तर नसतं. गोंधळ घालणाऱ्या सोबत्याच्या तोंडी इतका नेमका प्रश्न मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत ऐकलेला नाही.

मग नातागुमो डोंगर, कोळ्यांचे राक्षस. पहिल्या पर्वाच्या सोळाव्या भागाचं नावच ‘आपल्याऐवजी दुसऱ्याला पुढे करणं’ अशा अर्थाचं आहे आणि तो भाग इनोसुकेचा आहे. दोऱ्यांनी हलवलेल्या बिनडोक्याच्या बाहुल्याशी दोघे लढत असतात. तांजिरो लढाईचा सगळा ओघ पाहतो आणि घाव घालायची संधी स्वतःकडे न ठेवता इनोसुकेकडे देतो. इनोसुकेला धक्का बसतो. हरण्याचा नव्हे, हा माणूस लढाईत असं का करतो, याचा. थोड्या वेळाने तोही तेच करतो, तांजिरोला उचलून वर फेकतो आणि खऱ्या राक्षसिणीपर्यंत पोचवतो, अर्थात त्याने केलं तेच मीही करून दाखवतो अशा खुन्नसमध्ये. नायकाकडून साथीदाराने शौर्य शिकावं ही नेहमीची रीत. इथे शौर्य त्याच्याकडे आधीच जास्त होतं. तो मागे राहायला शिकतो.

त्याच डोंगरावर एक दांडगा राक्षस त्याचा गळा आवळतो. तोमिओका नावाचा वरिष्ठ वीर येऊन राक्षसाला सहज कापतो. जेमतेम वाचलेला इनोसुके उठून काय करतो? त्यालाच लढायला बोलावतो. तो याला दोरांनी झाडाला बांधून निघून जातो. पण नंतर वाड्यात खाटेवर पडलेला, गळा चेचलेला इनोसुके घोगऱ्या, बारीक आवाजात कमजोर असल्याबद्दल माफी मागतो, तेव्हा तांजिरो आणि झेनित्सु हादरतात. मालिका हे गमतीत घेते. मला ते गमतीत घेता येत नाही. आवाज गेल्यावर या पोराकडे उरतं काय, हे तिथे एका वाक्यात दिसतं.

आवाजाचा विषय निघालाच आहे. जपानीत इनोसुकेला आवाज दिलाय योशित्सुगु मात्सुओका यांनी. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’मधला मृदू, जरा लाजाळू किरितो त्यांच्याच आवाजातला, इंग्रजीतही किरितो आणि इनोसुके या दोघांना ब्राइस पेपनब्रुक या एकाच नटाने आवाज दिला आहे. इनोसुकेसाठी मात्सुओका घशाच्या तळातून खरवडलेला, शब्द चावून टाकणारा आवाज लावतात, आणि मुखवटा निघाल्यावर तो तसाच ठेवतात. नाजूक तोंडातून तो दगडफोड्या आवाज आला की विनोद साधतोच, शिवाय कळतं की मुखवटा काढला तरी माणूस तोच आहे. ॲनिमेशन करणाऱ्यांपुढे दुसरी अडचण होती. डुकराचा चेहरा जवळजवळ कधीच बदलत नाही, मग भाव दाखवायचे कुठे? त्यांनी ते सगळं अंगावर काढलं. नाकपुड्यांतून सुटणारी वाफ, जमिनीलगतची चाल, फुगवलेली छाती, आणि अपमान झाल्यावर क्षणभर गोठून उभं राहणं.

लढण्याची रीतही अशीच गुरूवाचून आलेली. दलातले बाकीचे पाणी, वीज, ज्वाला अशा ठरलेल्या श्वासपद्धती गुरूकडून शिकतात. इनोसुकेची पशुश्वास पद्धत त्याने एकट्याने जमवलेली आहे, आणि तिच्या डावांना तो सुळे म्हणतो. हवेतला बारीकसा बदलही त्याला कातडीवर कळतो, म्हणूनच तो सदरा घालत नाही. सांधे सोडवून तो अरुंद फटीतून जातो. मोडलेल्या तलवारींच्या जागी कानामोरी या लोहाराने मन लावून बनवलेल्या नव्या तलवारी त्याच्या हाती येतात, तेव्हा तो त्या न्याहाळतो, अंगणात जातो, दगड उचलतो आणि धारेवर ठोकून ठोकून तिचे दाते पाडतो. त्याला कापायचं नसतं, फाडायचं असतं. लोहार रागाने वेडापिसा होतो. तांजिरो माफी मागत राहतो. कारागिराच्या बाजूने मी नेहमीच असतो, त्यामुळे तिथे माझी सहानुभूती कुणाला ते सांगायला नको.

‘मुगेन ट्रेन’मध्ये तो पहिल्यांदा आगगाडी पाहतो, ती या मुलखाची धनीण समजतो आणि तिला डोक्याने धडक देतो. त्या चित्रपटाच्या शेवटी पहाट होत असताना रेंगोकु हा ज्वालेचा वीर गुडघ्यांवर बसल्या जागी मरतो. तांजिरो आपण कमी पडलो म्हणून हुंदके देत असतो. तेव्हा ओरडतो तो इनोसुके. रडू नका, मेलेला मातीला मिळतो, परत येत नाही, त्याने आपल्यावर विश्वास ठेवला तर त्या विश्वासाला जागायचं, दुसरं काही डोक्यात आणू नका. आणि हे सगळं सांगताना डुकराच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या असतात. ज्याने काही काळापूर्वी मेलेल्यांना पुरण्यात काय अर्थ आहे म्हणून विचारलं होतं, तोच शोक कसा करायचा हे दोघांना शिकवतो, तेही बोंबलून, कारण हळू बोलणं त्याला अजून येत नाही. तांजिरोचं बोलणं तिथे ऐकवत नाही इतकं लांबतं असं माझं मत आहे. इनोसुकेच्या चार ओरडण्यांनी तो प्रसंग तोलला जातो.

त्याच्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातले दोन मला मान्य आहेत. पहिला, गोंगाटाचा. झेनित्सु किंचाळतो, इनोसुके गरजतो, आणि दोघे एकदम सुरू झाले की घरातलं दुसरं माणूस येऊन आवाज कमी करायला सांगतं. पहिल्या पर्वात याचा अतिरेक आहेच. दुसरा आक्षेप झेनित्सुला केलेल्या मारहाणीचा. पेटीवर आडवा पडलेल्या, हात न उचलणाऱ्या पोराला तो लाथांनी तुडवतो. पुढच्याच भागात तिघे एका ताटाशी बसतात आणि मालिका तो हिशेब मागत नाही. रानात वाढला म्हणून माफ, हे कारण मला अपुरं वाटतं. तिसरा आक्षेप असा की तो तांजिरोचं नाव जाणूनबुजून चुकवतो, ‘गोंपाचिरो’, ‘मोंजिरो’, तोंडाला येईल ते, आणि हे लांबलेला एकच विनोद आहे. असेल. पण तो ज्यांना हाका मारायला लागतो त्यांचीच नावं चुकवतो.

मनोरंजन-वस्तीच्या पर्वात त्याला मुलीचा वेष घालून ‘इनोको’ नावाने एका घरात ठेवतात, आणि बजावतात की तोंड उघडायचं नाही. सुंदर चेहरा चालेल, आवाज चालणार नाही. त्या पर्वाबद्दल इथे इतकंच.

यापुढचा भाग फक्त मांगा वाचलेल्यांसाठी आहे. पडद्यावरच्या पुढच्या चित्रपटांची वाट पाहणाऱ्यांनी इथून सरळ पहिल्या लेखाकडे जावं.

त्या नाजूक चेहऱ्यावर मालिका कितीतरी भाग नुसते विनोद करत राहते. शेवटच्या लढाईत दोमा नावाचा राक्षस, सतत हसणारा आणि आत काहीही न वाटणारा, त्याचा मुखवटा हिसकावतो आणि म्हणतो, हा चेहरा मी पाहिलाय. कोतोहा. नवऱ्याच्या मारहाणीला आणि सासूच्या छळाला कंटाळून तान्हं बाळ घेऊन पळालेली मुलगी. दोमाच्या पंथाने तिला आसरा दिला. ती बाळाला मांडीवर घेऊन अंगाई गात बसायची. दोमा माणसं खातो हे तिला एक दिवस कळलं, ती पळाली, कड्यापाशी वाट संपली, तिने बाळ खाली नदीत सोडलं. मग दोमाने तिला खाल्लं. आपल्याला कुणीतरी टाकून दिलं, अशा समजुतीत वाढलेल्या पोराला हे सांगतो कोण, तर तिचा मारेकरी, आणि तेही गप्पा मारल्यासारखं. शिनोबु त्याला का जवळची वाटायची, तिच्यापाशी का ऊब वाटायची, हेही तिथेच उलगडतं, आणि तोवर त्याच दोमाने शिनोबुलाही मारलेलं असतं.

इतके खंड जो चेहरा विनोदाचा विषय होता तो आईचा होता. वाचकाला आपण कशावर हसत होतो ते परत आठवावं लागतं. लेखणीवर इतका ताबा असणारा लेखक साथीदाराचं पात्र फोडणीपुरतं वापरत नाही, हे मला वाटतं वेगळं सिद्ध करायला नको. दलातल्याच कानाओच्या साथीने दोमाला संपवताना इनोसुके हातातल्या तलवारी चक्क फेकून मारतो, कारण त्या क्षणी घाव कुणाच्या नावावर जातो याच्याशी त्याला देणंघेणं राहिलेलं नसतं. नातागुमोवरचा धडा तिथे पुरा होतो.

पुढे एकदा मात्र त्याच्या तलवारी थांबतात. सगळं संपल्यावर तांजिरोच राक्षस होऊन उठतो. इतरांचे हात कचरतात तेव्हा पुढे होतो इनोसुके, आयुष्यभर कधी न थबकलेला. तलवार उचलतो. आणि त्याच्याने ते होत नाही. तो रडतो, मुखवटा नसलेल्या तोंडाने, आणि नावही या वेळी नीट घेतो की नाही याकडे कुणाचं लक्ष नसतं.

या पुस्तकातले लेख कुठूनही वाचता येतील. पहिला ढोलांच्या घरावर आहे, शेवटचा शेवटच्या प्रकरणावर. त्या 205 व्या प्रकरणात गोष्ट आजच्या काळात येते आणि सगळ्यांचे वंशज दिसतात. इनोसुकेचा वंशज आओबा हाशिबिरा हा वनस्पतींवर संशोधन करणारा देखणा तरुण आहे. राक्षसांचा राजा मुझान हजार वर्षं ज्या निळ्या फुलासाठी दाही दिशा हुडकत होता, ते फूल वर्षातून फक्त दोन-तीन दिवस आणि तेही दिवसा उमलतं. उन्हात पाऊल टाकू न शकणाऱ्याला ते दिसणारच नव्हतं. आओबाच्या संशोधनशाळेत ते होतं. त्याच्या हातून झालेल्या चुकीने ती सगळी रोपं वाळून गेली, आणि त्याची बातमी झाली.